पंधरावा चित्रपट

"सापडला!" आप्पा ओरडले. "सुनेत्रा, चोर सापडला! आधी हे छाप. लाइन तुटायच्या आत छाप."

मी स्वयंपाकघरातून तशीच धावत आले, हाताला कणीक होती. आप्पा संगणकासमोर उभे होते. आनंद झाला की त्यांना बसवत नसे. पडद्यावर एक गुलाबी पान उघडलं होतं, त्यावर लाल अक्षरं लुकलुकत होती आणि न सांगता सनई वाजायला लागली होती. ही बेळगावच्या परशराम मुतगेकरांची वेबसाइट. आमच्या घरात तिचं नाव 'ते गुलाबी' असंच होतं.

"काय चोरलं?" आई आतून म्हणाली. "कुंभोजेंच्या दारातली सायकल गेली तेव्हा एवढे ओरडला नव्हतात."

"सिनेमा चोरला. जो कधी झालाच नाही, तो सिनेमा चोरला!"

"मग जाऊ दे की. नव्हताच, तर गेला कुठं?"

 आप्पा प्रिंटरमधून कागद बाहेर येताना बघत होते. एखाद्या पाळण्याकडे बघावं तसे.

ही २००२ सालची गोष्ट. आमचं घर कोल्हापुरात, आणि माझे वडील भूपाल चौगुले मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. पस्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या होत्या. निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी काकडे-भोपळे मोजायला घेतले.

काकडे-भोपळे ही विनोदी जोडी आठवणारी माणसं तेव्हाच थोडी उरली होती. बारा वर्षांत त्यांचे चौदा चित्रपट झाले, सगळे काळे-पांढरे. काकडे जाडे होते आणि भोपळे काटकुळे, त्यामुळे पडद्यावर नावं आली की निम्मा विनोद तिथंच होऊन जायचा. काकडे एकाहत्तर साली वारले. भोपळे मिरजेत मुलाकडे राहत होते.

आप्पांची वेबसाइट म्हणजे या जोडीचा सात-बारा होता, खाली 'भूपाल चौगुले, निवृत्त मोजणीदार' अशी सही. प्रत्येक चित्रपटाचं साल, रिळं किती, लांबी किती फूट, कोणत्या स्टुडिओत झाला, आणि काकडे त्यात किती वेळा पडतात. हो, किती वेळा पडतात. तरुणपणी आप्पा वही घेऊन थिएटरात जात आणि अंधारात रेघा मारत. चौदा चित्रपटांत काकडे एकूण दोनशे बारा वेळा पडतात हे शोधून काढणारा जगातला पहिला माणूस म्हणजे माझा बाप. दुसरे मुतगेकर. त्यांच्या मते दोनशे चौदा.

मुतगेकर बेळगावातल्या एका टॉकीजमध्ये एकतीस वर्षं दारावर होते. त्यांच्या गुलाबी पानांवर फूट नव्हते, रिळं नव्हती. पाऊस आत आला तेव्हा कोण कुठे उठून बसलं, हसता हसता कुणाची कवळी पडली आणि ती मध्यंतरात कशी शोधली, असलं सगळं होतं. आप्पांना याचा फार राग येई.

"याला माहिती म्हणतात का? ह्या गप्पा झाल्या!"

दोन्ही वेबसाइटींना अभिप्रायाची वही होती. आप्पा त्यांच्या वहीत जाऊन लिहीत, "महाशय, दोनशे चौदा हा आकडा आपण कोणत्या अवस्थेत मोजलात?" दुसऱ्या दिवशी आमच्या वहीत उत्तर येई, "महाशय, उभ्याने. आपण बसून बघत होता. बसलेल्या माणसाला पडण्यातलं काय कळणार?"

टायपिंग माझं होतं. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते, एका कॉलेजात शिकवत होते, आणि संध्याकाळी माझ्या बापाच्या तोंडचे टोमणे शुद्धलेखनासह टाइप करून देत होते. आप्पा रोज वेबसाइट किती जणांनी बघितली तो आकडा बघायचे. आई म्हणायची, "त्यातले निम्मे तुम्हीच. उरलेले बेळगावचे."

आणि अशात भोपळ्यांच्या पंच्याऐंशीव्या वर्षाचा सत्कार ठरला. मंचावर त्यांची जाहीर मुलाखत व्हायची होती. ती कोण घेणार? सत्कार समितीला जाणकार दोनच सापडले, आणि त्या दोघांनी एकमेकांविरुद्ध समितीला इतकी पत्रं लिहिली की समितीने हात जोडले. भोपळ्यांनीच निवडावं, असं ठरलं. रविवारी सकाळी अकराला दोघांनीही मिरजेला त्यांच्या घरी यायचं.

आप्पांना दुसरं काही नको होतं. पंधरा वर्षांचे असताना ते स्टुडिओच्या फाटकाबाहेर तीन तास उभे राहिले होते. भोपळे बाहेर आले, आप्पांकडे बघून हसले, आणि आप्पांच्या तोंडून शब्द फुटला नाही. त्यानंतर पन्नास वर्षं मिरज दीड तासावर होतं आणि आप्पा गेले नाहीत. जाऊन काय बोलणार? मुलाखत म्हणजे प्रश्न लिहून नेता येतात. त्या माणसाशेजारी खुर्ची मिळते.

म्हणून त्यांनी सापळा लावला.

ही युक्ती त्यांच्या एका जुन्या साहेबांची. नव्या मोजणीदारांना सरावासाठी नकाशा देताना ते साहेब ओढ्याला एक वळण जास्तीचं काढून ठेवत. जो जागेवर न जाता घरी बसून नकाशा उतरवून काढी, तो त्या वळणावर बरोबर सापडे. आप्पांनी आमच्या वेबसाइटवर चौदा चित्रपटांच्या खाली पंधरावा घातला. 'सासऱ्याचा घोडा', १९५४, प्रिंट उपलब्ध नाही. एवढंच.

नऊ दिवसांनी तो गुलाबी पानावर उगवला. वर लिहिलं होतं, "हा दुर्मिळ चित्रपट मी आमच्या टॉकीजमध्ये बावीस वेळा बघितला. काय सांगू महाराजा!"

आप्पांनी पुढे वाचलं नाही. गुन्हा सिद्ध व्हायला तेवढं पुरेसं होतं. मीही वाचलं नाही. शनिवारी मी ते पान पुन्हा एकदा नीट छापलं, फाइलला लावलं आणि वर लेबल डकवलं.

भोपळ्यांचं घर मुलाच्या दुकानाच्या माडीवर होतं. आम्ही पोचलो तर मुतगेकर आधीच येऊन बसलेले. आप्पा काठीसारखे उंच आणि सरळ, हे गृहस्थ ठेंगणे, गोल, डोक्यावर पांढरी टोपी, मांडीवर कुंद्याचा डबा. दोघांनी एकमेकांना कधी बघितलं नव्हतं, पण ओळख करून द्यावी लागली नाही.

"दोनशे बारा," आप्पा म्हणाले.

"दोनशे चौदा," मुतगेकर म्हणाले आणि उठून नमस्कार केला. "बसा की ओ. प्रवासानं दमला असाल."

भोपळे कॉटवर बसले होते. पडद्यावर दिसत त्याहून निम्मे झाले होते, आणि तिथंही ते काही फार नव्हते. भुवया मात्र तशाच होत्या. एक वर गेली की दुसरी खाली येणाऱ्या.

"मला निवडायला सांगितलंय," ते म्हणाले. "मी आयुष्यात एकदाच निवड केली. काकड्याला निवडला. तेही तो आधी येऊन खुर्चीत बसला होता आणि त्यातनं निघेना म्हणून."

मुतगेकर खो खो हसले. आप्पा हसले नाहीत. त्यांनी फाइल उघडली.

"साहेब, निवडीआधी मला एक सांगायचंय. हे गृहस्थ माझ्या वेबसाइटवरून माहिती उचलतात. माझ्याकडे पुरावा आहे."

"पुरावा!" भोपळे खूश होऊन म्हणाले. त्यांनी पाय वर घेतले आणि नीट मांडी घातली. "वाचा की."

आप्पांना चष्म्याशिवाय वाचता येत नसे आणि चष्मा सापडेपर्यंत धीरही नसे. फाइल माझ्या हातात आली.

"आधी एवढं लक्षात घ्या," आप्पा म्हणाले, "की असा चित्रपट नाही. कधी नव्हता. तो मी तयार केला. यांना पकडायला."

मी मुतगेकरांकडे बघितलं. ते डब्याची दोरी सोडत होते.

मी वाचायला लागले.

"'सासऱ्याचा घोडा. काकडे नवरदेव. सासऱ्याने हुंड्याऐवजी घोडा दिलेला. घोडा असा की तो फक्त सासऱ्याच्या घराकडे चालतो, तोंड कुठेही करा. शेवटी भोपळे तोडगा काढतात. घोड्याचं तोंड सासरघराकडेच राहू दे, नवऱ्याला उलटा बसवा. नवरा बघतोय आपल्या गावाकडे, घोडा चाललाय सासऱ्याकडे.'"

भोपळ्यांची एक भुवई वर गेली.

"'वरातीपुढे एक सरकारी मोजणीदार साखळी घेऊन चालतो. मान ताठ. वरात किती फूट झाली ते वहीत लिहितो. वाजंत्रीवाले थांबले तरी हा थांबत नाही. सगळं गाव हसून लोळतं, पण हा चित्रपटभर हसत नाही. कुणी विचारलं, काय मोजताय साहेब, तर म्हणतो...'"

मी थांबून आप्पांकडे बघितलं.

"काय म्हणतो?" भोपळ्यांनी विचारलं.

"'म्हणतो, इथं कुणाची तरी चूक आहे, ती सापडेपर्यंत मोजणार.'"

 मग कॉट हलायला लागली. भोपळे आवाज न करता हसत होते, सगळं अंग हलवून, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं.

"तुम्हाला ठाऊक होतं," आप्पा मुतगेकरांना म्हणाले.

"पहिल्या दिवशी."

"कसं?"

मुतगेकरांनी कुंद्याचा एक तुकडा कागदावर काढून आप्पांसमोर ठेवला. "तुमच्या चौदा सिनेमांपुढं फूट लिहिलेत. बारा हजार तीनशे, अकरा हजार नऊशे. पंधराव्यापुढं काहीच नाही. म्हटलं, हा माणूस न मोजता एक सिनेमा सोडेल? नाव खोटं लिहिलंत, साल खोटं लिहिलंत. फूट मात्र तुम्हाला खोटे लिहवेनात. खरं की नाही सांगा."

 मला आठवलं, त्या दिवशी त्यांनी मला लांबीचा रकाना रिकामा ठेवायला सांगितला होता. मी म्हटलं होतं, घाला ना काहीतरी. तर म्हणाले, "काहीतरी कसं घालायचं?"

"आता माझं ऐका," भोपळे डोळे पुसत म्हणाले. "मी मुलाखत देणार नव्हतो. समितीला उद्या नाही सांगणार होतो."

"का?" दोघं एकदम म्हणाले.

"तुम्ही लोक मला मंचावर बसवून माझी परीक्षा घेणार. अमुक सिनेमात तुम्ही पाळण्यातनं कसे पडलात? मला आठवत नाही हो. पाळणा आठवत नाही. परवा सूनबाईनं जुना फोटो दाखवला, मी विचारलं ही दोन माकडं कोण." ते थोडं हसले. "तुम्हा दोघांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मी बोलणार, तुम्ही दुरुस्त करणार. लोक बघणार, भोपळे संपले. काकड्या असता तर त्यानं सांभाळलं असतं. त्याला सगळं पाठ असायचं, माझंसुद्धा."

खालून दुकानाचं शटर अर्धं ओढल्याचा आवाज आला. 

"पण हा सिनेमा मला आवडला. ह्यात मी चुकूच शकत नाही. ह्याच्यावर विचारा. तुम्ही दोघं या, एक इकडं, एक तिकडं. नाहीतर कुणीच नको."

"साहेब," आप्पा म्हणाले, "आठशे लोक असतील. त्यांना खोटं सांगायचं?"

"मग आमचे चौदा काय खरे होते?" भोपळे म्हणाले.

परतीच्या एसटीत आप्पा खिडकीबाहेर बघत बसले. माझ्या वडिलांना चूक दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाता येत नसे. लग्नपत्रिकेतली तिथी, बसवरची पाटी, मंदिरातल्या फलकावरचं साल. निवृत्तीच्या वेळी सत्काराच्या भाषणात त्यांच्या साहेबांनी त्यांची नोकरी छत्तीस वर्षांची सांगितली, तेव्हा हार गळ्यात असताना त्यांनी उठून पस्तीस म्हणून सांगितलं होतं.

जयसिंगपूर गेल्यावर ते म्हणाले, "नाही जमणार."

"नका जाऊ मग," मी म्हटलं. "मुतगेकर एकटे घेतील मुलाखत."

"भोपळे नाही म्हणालेत. दोघं किंवा कुणीच नाही."

"मग कुणीच नाही. भोपळे घरी बसतील."

 घरी आल्यावर आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पस्तीस वर्षं खरं बोलून काय मिळालं? सात बदल्या. एकदा उलटं करून बघा."

दुसऱ्या दिवशी आप्पा तयार झाले, पण आपल्या पद्धतीने. आपण तोंडाने एकही खोटं वाक्य बोलणार नाही. फक्त प्रश्न विचारायचे, प्रश्न खोटा नसतो. आणि सुरुवातीचं एकच विधान त्यांनी लिहून काढलं. या चित्रपटाची प्रिंट आज कुठेही उपलब्ध नाही. "यातला शब्द न् शब्द खरा आहे," ते मला म्हणाले.

सत्कार पुढच्या रविवारी सकाळी कोल्हापुरातच होता. नाट्यगृह भरलं होतं, बहुतेक पांढरी डोकी. मधल्या खुर्चीत भोपळे, उजवीकडे मुतगेकर, डावीकडे आप्पा. आप्पांच्या अंगावर लग्नातला कोट होता आणि हातात प्रश्नांचा कागद. आई आणि मी दुसऱ्या रांगेत.

सुरुवात झकास झाली. आप्पांनी आपलं एकमेव विधान केलं, आणि तिसऱ्या रांगेतून एक धोतरवाले आजोबा ओरडले, "मी बघितलाय! गडहिंग्लजला!"

आप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला. तोंड उघडलं आणि मिटलं.

"बघा," मुतगेकर माइकवर म्हणाले, "आमच्यात मतभेद आहेत, पण साक्षीदार भक्कम आहे."

मग भोपळे सुटले. सासरा कसा कंजूष, घोडा कसा कंजूष, मोजणीदार कसा वरातीच्या पायात साखळी अडकवतो. मोजणीदाराची नक्कल त्यांनी बसल्या बसल्या केली, मान ताठ, ओठ आवळलेले, आणि सगळं नाट्यगृह त्यांच्या डावीकडच्या खुर्चीकडे बघून हसलं. आप्पांनी ते सोसलं. आईने पदर तोंडात घातला होता.

"मग घोडा आला नाल्याशी," भोपळे म्हणाले. "आणि..."

ते थांबले.

"आणि..."

त्यांचं बोट गुडघ्यावर हळूहळू आपटत होतं. मुतगेकर पुढे वाकले. "आणि काकडे..."

"काकड्या," भोपळे म्हणाले. त्यांनी विंगेकडे बघितलं. "कुठाय तो?"

लोक हसले. त्यांना तो खेळाचा भाग वाटला.

"कुठाय तो? यायचा होता की आज."

आता कमी लोक हसले. पुढच्या रांगा गप्प झाल्या. भोपळ्यांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर चाचपडत होते, उठायचं की बसायचं कळत नसल्यासारखे. मुतगेकरांनी आप्पांकडे बघितलं. दारावर एकतीस वर्षं उभा राहिलेला माणूस, पण त्याच्याकडेही काही नव्हतं.

आप्पा उठले. प्रश्नांचा कागद त्यांनी घडी घालून कोटाच्या खिशात ठेवला. मग आपली खुर्ची उचलून मंचाच्या मध्यावर आणली, तिची पाठ लोकांकडे केली आणि तिच्यावर उलटे बसले, दोन्हीकडे पाय टाकून. सहासष्ट वर्षांचा माणूस, लग्नातल्या कोटात.

भोपळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. एक भुवई वर गेली, दुसरी खाली आली.

"आलास व्हय काकड्या? किती उशीर!"

काकडे शंभर किलोंचे होते. माझे वडील बावन्न. आईने माझं मनगट धरलं. आम्हा दोघींना ठाऊक होतं आता काय होणार. ते आता नम्रपणे सांगणार, साहेब, मी चौगुले.

"घोडा अडला होता," आप्पा म्हणाले.

"घोडा अडला का तू अडलास?"

"घोडा चालला होता. मी उलटा बसल्यामुळं मला कळलं नाही."

हशा आला तो मागच्या रांगांतून, लाटेसारखा. भोपळे खुर्चीत सरळ झाले. त्यांचा आवाज बदलला, वरच्या पट्टीत गेला, आणि मी लहानपणापासून टीव्हीवर ऐकला होता तोच झाला.

"पुढं काय दिसतंय?"

"पुढचं काही दिसत नाही. मागचं सगळं दिसतंय."

"मग मागं काय आहे?"

"सगळे आहेत. वाजंत्रीवाले, करवल्या, आपला गाव."

"हात कर की त्यांना."

आप्पांनी हात केला. त्यासाठी खुर्चीची पाठ सोडावी लागली, आणि तोल गेला. मुद्दाम की खरंच, ते मला आजही सांगता येणार नाही. ते आडवे झाले ते सरळ, मोठ्या खांबासारखे, वाकल्याशिवाय, आणि पडल्यावरही हात हलतच होता. आठशे माणसं ओरडली. भोपळे टाळ्या पिटत होते.

या गडबडीत मुतगेकर कधी उठले ते कुणी बघितलं नाही. आपली खुर्ची त्यांनी विंगेत नेऊन ठेवली आणि जिना उतरून ते माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेवर येऊन बसले. मंचावर दोघंच उरले.

"तुम्ही का आलात खाली?" मी विचारलं.

"जोडीत तिसरा कशाला?" ते म्हणाले. डोळे मंचावरून न काढता पुढे पुटपुटले, "दोनशे तेरा."

ते दोघं आणखी वीस मिनिटं बोलत होते. काय बोलले ते कुणी लिहून घेतलं नाही, आप्पांनीही नाही. भोपळे पुढच्या वर्षी गेले. इंटरनेटवर फुकट जागा देणारी कंपनी बंद पडली तेव्हा दोन्ही वेबसाइटी एकाच दिवशी नाहीशा झाल्या, गुलाबी आणि आमची. आप्पा यंदा माघात गेले.

त्या दिवशी रिक्षातून घरी येताना मी त्यांना विचारलं, "आप्पा, भोपळ्यांना खरंच काकडे वाटले का तुम्ही? का ते नाटक करत होते?"

"विचारलं नाही," आप्पा म्हणाले.

 आईने त्यांच्याशी चाळीस वर्षं संसार केला होता आणि ती त्यांच्याकडे पाव्हण्याकडे बघावं तशी बघत होती. दारात उतरल्यावर म्हणाली, "अहो. ते घोड्याचं परत एकदा करून दाखवा की."

"इथं? रस्त्यावर?"

"तिथं आठशे लोकांना दाखवलंत. मला एकटीला नाही दाखवलं."

ऊन चढलं होतं. शेजारच्या कुंभोजेंची स्कूटर आमच्या फाटकाशी लावलेली होती. आप्पांनी इकडे तिकडे बघितलं, कोटाची बटणं सोडली, आणि तिच्यावर उलटे बसले. आई फाटकाला धरून हसायला लागली.

आवाज ऐकून कुंभोजे गॅलरीत आले. "काय ओ चौगुले, बरं आहे ना सगळं?"

आप्पांनी त्यांना हात केला.

"चौगुले मागनं यायलेत," ते म्हणाले.